रांजणातला हरभरा

गंगम्माचं नाव निघालं तसं नीलम्माच्या हातातलं सूप थांबलं.

"गंगम्माच बरी," शेजारची सिद्धम्मा म्हणत होती. "ती समद्यांचं बघंल."

लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला. पाऊस तेवढा आला नाही. तूर पिकली नाही, म्हणून शिवमूर्ती शेठची डाळमिल आता अर्धेच दिवस चालायची. कोणत्या दिवशी कोणत्या बाईला काम द्यायचं, यावरून रोज कटकट. शेवटी शेठनं हात टेकले. "तुमच्यातलीच एक निवडा. ती ठरवंल तसं. मी मधे बोलणार न्हाई."

डाळ निवडायला नीलम्मा सगळ्यांच्या आधी लागलेली, म्हणून गंगम्मासमोर तीही उभी राहिली. गंगम्मा चाकूरची, काल-परवा आलेली. पण नीलम्माची सून शिवकांता बाळंतपणातून उठली, तेव्हा गंगम्मानं आपल्या वाटचं काम तिला दिलं होतं. तेव्हापासून सुनेच्या तोंडी उठता-बसता 'गंगाक्का'. ते नाव ऐकलं की नीलम्माला घास उतरत नसे. उपकार सुनेवर झाला, काटा सासूला बोचला.

"ती शेठच्या कानाला लागलेली हाय," नीलम्मा ज्याला-त्याला सांगू लागली. "एका घरातल्या दोघी नकोत म्हणंल, बघा."

बाया ऐकून घेत. हाव म्हणत नसत, न्हाई म्हणत नसत.

निवडीच्या दिवशी पाण्याचा कोरडा रांजण पोत्यांच्या थप्पीआड ठेवला. प्रत्येकीला एक तुरीचा दाणा, एक हरभऱ्याचा. गंगम्मासाठी तूर, नीलम्मासाठी हरभरा. एक रांजणात टाकायचा, उरलेला तोंडात.

नीलम्मा आत गेली आणि लगेच बाहेर आली. दाताखाली दाणा कडकन फुटला.

शेठनं रांजण पालथा केला. तुरीचा ढीग पडला. त्यात हरभरा एकच.

पदराआड कुणी तरी फिसकन हसलं. "सोताला तरी टाकला म्हणायचा."

सुनेनं मान खाली घातली. नीलम्माच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरच्या पोरीनंही तूरच टाकली होती. नीलम्मा कुणाकडं न बघता आपल्या जागेवर जाऊन बसली आणि डाळ पाखडू लागली.

गंगम्मा जवळ येऊन टेकली.

"अक्का, राग धरू नगा. तो हरभरा माझा हाय. मला वाटलं, तुमचा धरून दोन तरी निघतील. तुमचा कुठं गेला?"

नीलम्मानं सूप खाली ठेवलं नाही.

"म्या तूर टाकली," ती म्हणाली. "आमचं पोट तुझ्याच हाती बरं. तुझं तोंड तेवढं बघवत न्हाई."