अनारशाची खसखस

"मन्या, फोटोत फुलं पण आली पाहिजेत हां," असं म्हणत गोटीरामनं टेबलावरचा तांब्या अजून जरा पुढं सरकवला.

तांब्यात लालभडक फुलं होती, पाकळ्या पतंगाच्या कागदासारख्या पातळ. मखमलाबादच्या पुढच्या या पट्ट्यात सगळे झेंडू लावतात, शेवंती लावतात. असलं फूल दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. भेटेल त्याला गोटीराम सांगायचा, "आपण स्वतः लावलंय. हात लागतो त्याला, हात!"

खरं म्हणजे बी टाकलं होतं त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं. पाणी द्यायची ती, निंदायची ती. गोटीरामचा हात फक्त मिशीला लागायचा.

देवळापुढच्या मंडपात नशामुक्तीची सभा भरली होती. अध्यक्ष गोटीराम, पाहुण्या पीएसआय पल्लवी मॅडम. आज ठराव व्हायचा होता. गावात कुणी गांजा-बिंजा करताना सापडला, तर त्याचं नाव थेट पोलिसांत द्यायचं. वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही.

नातं बघायचं नाही, यावरच गाव गप्प होतं. कारण पहिलं नाव होतं लखनचं, गोटीरामच्या सख्ख्या पुतण्याचं. गेल्या श्रावणात लखनचा बाप, म्हणजे गोटीरामचा धाकटा भाऊ, वारला. तेव्हापासून ते चांगलं कमावतं पोरगं चिलमीला लागलं. विहिरीमागं त्याला धरलं ते काकानंच.

लखनची आई धोंडाबाई बायकांमध्ये खाली मान घालून बसली होती. सकाळीच ती गोटीरामच्या दारात येऊन रडली होती.

"दादा, त्याला दवाखान्यात टाकू. पोलिसात नाव गेलं तर पोराला कोण काम देईल? पोरगी कोण देईल?"

"घरचा हाय म्हणूनच त्याचं नाव पहिलं," गोटीराम म्हणाला होता. "उद्या गाव म्हणंल, गोटीरामनं स्वतःचं झाकलं. इज्जत हाय आपली."

गोजराबाई तेव्हा चूल सारवता सारवता सगळं ऐकत होती.

मंडपात फोटो काढता काढता मन्यानं, म्हणजे मनोजनं, पिन मारली. "काका, काही देशांत गांजा दुकानात मिळतो म्हणे. पक्क्या बिलासकट!"

"मग आपण रेशनवर वाटू का?" गोटीराम गरजला. "दोन किलो तांदूळ, वर एक पुडी फ्री?"

मंडप खदाखदा हसला. गोटीराम फुलला. "सोडायचं नाय कुणाला! चुकून झालं म्हणला, तरी नाय. चूक-बिक कायद्याला कळत नाय!"

टाळ्या पडल्या. मग मॅडम उठल्या. "गांजाचं तर आहेच," त्या म्हणाल्या, "पण मध्यंतरी एका मळ्यात अफू सापडली. शेतकरी म्हणतो, मी खसखस लावली होती. आता खसखस येते अफूच्याच बोंडातून, हे किती जणांना माहीत असतं? पण परवान्याशिवाय एक झाड लावलं, तरी गुन्हा तो गुन्हाच."

"बरोबर!" गोटीरामनं टेबलावर हात आपटला. "एक झाड असू द्या नायतर एकर!"

एवढ्यात गोजराबाई पाण्याचा ग्लास घेऊन आली. नवऱ्याच्या हातात ग्लास देताना वाकली आणि त्याच्या कानात पुटपुटली, "अहो, दिवाळीच्या अनारशाची खसखस उरली व्हती ना, ती मीच टाकली वाफ्यात."

पाणी गोटीरामच्या नाकात गेलं. ठसका थांबला तेव्हा त्यानं तांब्याकडं बघितलं. फुलं मजेत डुलत होती.

मॅडमनी तांब्या जवळ ओढला. "सुंदर आहेत हो! कुणी लावली?"

"काकांनी!" मनोज मागनं ओरडला. "स्वतः!"

"छे छे," गोटीराम म्हणाला. "म्हंजी... उगवली असतील. वाऱ्यानं." त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तांब्यावर टाकलं. "ऊन लागतंय त्यांना."

"मंडपात?"

"येतं कधी कधी."

"बरं, ठराव वाचा," मॅडम म्हणाल्या.

गोटीराम उठला. कागद हातात धरला, पण नजर कागदावर नव्हती. "मंडळी, जो विकतो, त्याला जेल. त्यात माफी नाय. पण जो अडकला, जो नकळत चुकला, तो आपलाच माणूस हाय. त्याला आधी दवाखाना. माणूस हाय, चूक व्हायचीच. कुणाच्याही... कुणाच्याही घरात होऊ शकती."

मंडपात अशा टाळ्या पडल्या की कबुतरं उडाली. मॅडम उभ्या राहिल्या. "मी पुष्कळ गावांत भाषणं ऐकली. असा अध्यक्ष पहिल्यांदा बघितला!"

घाबरलेल्या गोटीरामची छाती तरीही वीतभर वर आली. मंडपातनं उतरताना धोंडाबाई हात जोडून आडवी आली. "उद्या लखनला मीच नेतो दवाखान्यात," तो तिला हळूच म्हणाला. उपरण्यात गुंडाळलेला तांब्या त्याच्या काखेत होता.

घरी येऊन त्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत. खुरपं उचललं आणि थेट वाफ्यात घुसला.

"राहू द्या," ओट्यावर शेंगा सोलत गोजराबाई म्हणाली. "नर्सरीतलं शोभेचं फूल हाय ते. मीच बियाची पुडी आणली व्हती."

गोटीराम खुरपं धरून तसाच उभा राहिला. "मग ती अनारशाची खसखस?"

"अनारसे?" गोजराबाईनं शेंग खाली ठेवली. "तुमचा भाऊ गेलेल्या साली दिवाळीला आपल्या चुलीवर कढई तरी चढली व्हती का?"