यादीतला सतरावा नंबर

"यादीतलं कुणीच मिळत नसेल, तरच बाहेरच्या समुपदेशकाचे पैसे देतो, मॅडम. तुमच्या टोलीडो शहरात आमचे सतरा जण आहेत," विमा कंपनीचा ब्रेंट फोनवर म्हणाला.

नवरा गेल्यापासून डार्लीनला धड झोप नव्हती, पण आवाज खणखणीत होता. "सोळा जणांना फोन केले. दोघं वारलेत, त्यांच्याकडे जायची मला घाई नाही. एका नंबरवर पिझ्झावाला आहे. बाकीच्यांनी तुमची यादी केव्हाच सोडलीय. शेवटचा, सतरावा नंबर तुम्हीच लावा, मी थांबते."

ब्रेंटने लावला.

डार्लीनच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजला.

 

"समुपदेशक डार्लीन नोवाक बोलतेय. तुमची यादी सोडून मला सहा वर्षं झाली, ब्रेंट. आता बाहेरच्या समुपदेशकासाठीच्या माझ्या अर्जावर मंजूर लिहा."