दर शनिवारी चूल

छप्पन सालच्या पावसाळ्यात लटारूभाऊ लेकीच्या बाळंतपणासाठी भामरागडला निघाले, तेव्हा घराची चाबी शेजारच्या शकुबाईच्या हातात देऊन तीनदा बजावून गेले.

"बंद घराले ओल खाते, बाई. दर शनिवारी चूल पेटवजो, कडूनिंबाच्या पाल्याची धुनी करजो, अन् ऊन पडलं का गोधड्या अंगणात टाकजो."

नद्या चढल्या, वाट बंद झाली, आणि आठ दिवसांसाठी गेलेले भाऊ तीन महिने तिकडेच अडकले. मागच्या वर्षी पंधरवड्यातच गोधड्यांत पिसवा झाल्या होत्या. आता तर भिंतींवर भाजीपुरती अळंबी उगवली असेल, असं घोकतच ते परतले.

शकुबाईनं दार उघडलं. भिंती ठणठणीत कोरड्या, गोधड्या पापडासारख्या कडक, घरभर कडूनिंबाचा वास, आणि चुलीवर भात रटरटत होता. भाऊंचे डोळेच भरून आले.

"पोटची पोर करणार नाई एवढं केलं तू! एकही शनिवार चुकवला नाई?"

"शनिवारच काऊन, भाऊ? रोज दोन्ही सांजा चूल पेटवली."

हे कौतुक तिच्या नवऱ्याच्या कानावर घालावं म्हणून भाऊ हरखून शेजारच्या दारात गेले. तिथं कडीला गंज चढलेला, आणि फटीतून दिसणारी भिंत बुरशीनं हिरवीगार.

मागून आलेल्या शकुबाईनं त्यांच्या हातात एक चाबी ठेवली.



"तीन महिने बंद होतं ना जी आमचं घर! आता तुमी इथी धुनी करा, तवरी आमी साही जण तुमच्या घरी आहोच."