रुमालाखालच्या पाच वस्तू

टेबलावर पाच वस्तू होत्या: किल्ली, कंगवा, पेन, चमचा आणि मनगटी घड्याळ. त्र्याऐंशी वर्षांच्या पंतप्रधानांचा रक्तदाब मोजून झाला होता, एकशे ब्याऐंशी. आता त्यांना वस्तू नीट बघू देऊन डॉक्टरीणबाईंनी वर रुमाल टाकला.

"काय काय होतं, सांगा बरं."

साहेबांनी पाचही नावं घडाघडा सांगितली. त्यांची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे जातेय, हे बाईंनी हेरलं. वळून पाहतात तर मागे उभा असलेला सचिव हवेतल्या हवेत केस विंचरत होता, आणि त्याला पुरतं टक्कल होतं.

"हे काय चाललंय?"

"सवय हो," सचिव ओशाळला. "सभागृहातही असंच चालतं आमचं."

साहेब खुदकन हसले. "चार वर्षं माझं डोकं याच्या हातवाऱ्यांवर चाललंय, डॉक्टर. याचे उपकार फिटायचे नाहीत. पण देशही त्यावरच चालवायचा का? जा रे, बाहेर जाऊन चहा पी."

दार लागलं. बाईंनी पाच नव्या वस्तू मांडल्या आणि झाकल्या. साहेबांना दोनच आठवल्या.

बाईंचा पेन अडखळला.

"लिहा. बाकी सगळे मला अजून पंचविशीचाच म्हणतात."

बाईंनी लिहिलं: पाचपैकी दोन, पदाचं काम झेपणार नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हात जोडले. "फार बरं केलंस, पोरी. आता घरी जाता येईल. तो पट्टा पुन्हा बांधून बघ बरं."

बाईंनी पट्टा बांधला. रक्तदाब एकशे चौतीस भरला.