दोनशे नावं

टेकडीवरच्या दुर्बिणीचा जुना प्रोग्रॅम शाल्मलीच्या बाबांनी लिहिलेला. बाबा गेले, आणि वर्षभरानं तो नव्या भाषेत बसवायचं काम नेमकं तिच्याकडे आलं.

त्याच्या जुन्या भाषेची एक खोड होती. आकडे ताटांच्या चवडीसारखे एकावर एक रचायचे आणि वरचा आधी उचलायचा, इथवर ठीक. पण एका फंक्शनच्या, म्हणजे एखादं काम करणाऱ्या तुकड्याच्या, पोटात दुसरं बिननावाचं फंक्शन लिहायची सोयच नव्हती. काम एवढंसं असलं तरी ते आधी बाहेर वेगळं लिहायचं आणि त्याला नाव द्यायचं. बाबांनी अशी दोनशे नावं दिली होती.

ती वाचायला लागली. दुर्बीण वळवणारं 'गोवर'. झडप उघडणारं 'पहिली-सायकल'. घुमट फिरवणारं 'गॅदरिंग'. टेकडीवर अडकल्यामुळे बाबांना तिचं जे जे हुकलं, ते सगळं इथे होतं. आणि ती इतकी वर्षं समजत होती, की त्यांच्या लक्षातही नसेल!

"मॅडम, आता ही बिननावाची आतच लिहिता येतात," शेजारी बसलेला इनामदार म्हणाला. "उडवून टाकू सगळी नावं."

एकेक नाव वहीत उतरवून घेत ती पुसत गेली. शेवटचं फंक्शन पहाटे काम आटोपल्यावर घुमट बंद करणारं होतं. त्याचं नाव 'घरी-निघालो'.

"हेही काढायचं ना?" इनामदारनं विचारलं.

"हे राहू दे," ती म्हणाली. "अजून पोचले नाहीत ते."