तीन इंची स्क्रू

बस पोरा, मजबूत कडी मागतोस ना, त्याआधी एक गोष्ट ऐक. या होस्टेलात वीस वर्षं रंधा मारतोय मी. मागल्या परीक्षेला वरच्या मजल्यावरचा पोरगा असाच आला. “काका, आतून कडी अशी बसवा, कुणाच्या बापाला उघडता येऊ नये.” मी हसलो, “अभ्यास करणार की खजिना पुरणार?” तोही हसला. मी तीन इंची स्क्रू पिळले, वर स्वतःचीच पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी तेच दार मलाच तोडायला सांगितलं. माझीच कडी, सुटता सुटेना. आत पोचेपर्यंत पोरगा गेला होता. ती वाकडी कडी या हत्यारांच्या पेटीत आहे. पेटी उचलली की खडखडते. ‘कशाला हवी रे?’ एवढं विचारायचं राहिलं. तुझेही डोळे तसेच तांबारलेत. खाली मनाच्या डॉक्टरीणबाई बसल्यात. मी दाराबाहेर थांबतो. चल, पेटी तेवढी धर.