ओला पाला

मोसेसे मान खाली घालून बसला होता. बिसेसरच्या ओट्यावरच्या चटईवर, मांडी घालून, पुढ्यात यांगोनाच्या, म्हणजे नशेचं पेय करतात त्या झाडाच्या, मुळांची जुडी ठेवून. खाली अंगणात आंब्याच्या खोडाला त्यानं आपली शेळी बांधली होती. घरात ती तेवढी एकच. मेलेल्या शेळीच्या बदल्यात द्यायला तीही तो घेऊन आला होता.

बिसेसर जुडीकडे बघायलाही तयार नव्हता. त्यानं जुडीला हात लावला की माफी दिली, आणि माफी दिली की गोष्ट पुरली. मग ती कुणी, कधी, नशेतसुद्धा उकरायची नाही. ही रीत मूळची मोसेसेच्या लोकांची, या बेटावरच्या मूळ रहिवाशांची, पण इथं उसाच्या मळ्यांत सगळेच ती पाळतात. म्हणून तर ऊसतोडीची अख्खी टोळी कुंपणापाशी जमली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो!

"परवा पुटपुटलास," बिसेसर म्हणाला. "आज मोठ्यानं बोल. सगळ्यांना ऐकू दे."

"दोष माझा आहे, भैया."

बिसेसरची शेळी धौरी गाभण होती. आज-उद्या व्यायची. त्यात पावसाचा पत्ता नाही. सुबाभळीच्या नुसत्या काड्या उरलेल्या, नीरफणसाची पानं हात पोचेल तिथवर ओरबाडून झालेली. अशा दिवसांत शेळ्यांना उसाचे वाढे नाहीतर कसाव्याचा पाला, दुसरं काय घालणार? पण कसाव्याचा पाला ओला घालायचा नाही. दिवसभर उन्हात सुकवायचा, मगच शेळीपुढं टाकायचा. ओल्यात विष असतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि परवा बिसेसरची बायको सुरुजवती खोपटात गेली, तर धौरी तोंडाला फेस येऊन पाय झाडतेय आणि शेजारचा मोसेसे दोन्ही मुठींत ओला पाला धरून उभा! आणखी काय पुरावा पाहिजे?

"स्वतःच्या शेळीला वाढे, आणि आमच्या शेळीला विष?" बिसेसरचा आवाज चढला. "लहानपणी माझ्या आईच्या हातच्या रोट्या खाल्ल्यास तू. तिच्याच लाडक्या शेळीवर उठलास? आमच्या घरात आजोबांपासून शेळ्या आहेत. आजवर एक ओलं पान गेलं नाही कुणाच्या तोंडात. माईनं शिकवलंय आम्हांला. अरे, सगळ्या वस्तीला तिनं शिकवलंय!"

माईचं नाव निघालं तेव्हा मोसेसेनं एकदाच वर पाहिलं. मग पुन्हा मान खाली घातली.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

बिसेसरनं आणखी थोडा वेळ ताणलं. मग जुडीला हात लावला, तोही दोन बोटांनी, आणि उचलून मांडीवर घेतली. कुंपणापाशी लोकांनी रीतीप्रमाणे पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं. पुरलं," बिसेसर ऐटीत म्हणाला. "यापुढं कुणी ही गोष्ट काढली तर गाठ माझ्याशी आहे."

आपण केवढ्या मोठ्या मनाचे, असं त्याला त्या क्षणी खरंच वाटत होतं.

तेवढ्यात घरामागून माई, बिसेसरची म्हातारी आई, आली. कवेत कसाव्याच्या पाल्याचा भारा. आत्ताच तोडलेला, देठांतून पांढरा चीक गळतोय.

"धौरी, ये गं बाई. उपाशी ठेवलं ना तुला या मेल्यांनी?"

धौरी गेल्याचं माईला दोनदा सांगून झालं होतं. दोन्ही वेळा ती रडली होती आणि दोन्ही वेळा विसरली होती. ती सरळ आंब्याखाली गेली आणि तिनं मोसेसेच्या शेळीपुढं भारा टाकला. शेळीनं लगेच तोंड घातलं.

मोसेसे ओट्यावरून उडी टाकूनच धावला. त्यानं शेळीच्या तोंडातून पाला ओढून काढला, खालचा भारा पायानं लांब सारला आणि उभा राहिला. दोन्ही मुठींत ओला पाला.

"अगं बाई!" सुरुजवतीनं तोंडावर हात ठेवला. परवा तिनं पाहिलं होतं ते हुबेहूब हेच.

माई भडकली. "पुन्हा आलास हिसकायला? परवासुद्धा माझ्या धौरीच्या तोंडातला घास ओढलास! मुक्या जिवाचा घास काढतोस, लाज नाही वाटत?"

"चुकलं माझं, माई," मोसेसे म्हणाला. परवा म्हणाला होता तेच, त्याच आवाजात.

कुंपणापाशी टोळीतले लोक एकेक करून पाठ फिरवू लागले. बिसेसरचे कान तापले. आत्ताच दोन बोटांनी लावलेला हात कुठं लपवावा हे त्याला कळेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोसेसे भारा उचलून खोपटाच्या तापलेल्या पत्र्यावर पाला पसरत होता. माई त्याच्या पाठीशी उभी राहून सांगत होती, "पातळ पसर रे. मधे ओला राहिला तर शेळी दगावेल. एवढंही कळत नाही तुम्हां पोरांना?"

"हो माई."

बिसेसर ओट्यावरून उतरला. जुडी दोन्ही हातांत धरून तो मोसेसेच्या मागं धुळीत गुडघ्यांवर बसला.

"मोसेसे," तो कसाबसा म्हणाला, "परवा खरं तर तू..."

मोसेसेनं मागं वळून पाहिलं नाही. पाला पसरता पसरता तो हळूच म्हणाला, "आत्ताच पुरलं ना, भैया? पुरलेलं उकरायचं नाही. माईसमोर तर नाहीच."